त्याचे दीड किलो, तिचे पावशेर

लग्न ठरलं की मुलगी बारीक व्हायच्या मागे लागते आणि लग्न झालं की दोघं मिळून जाड व्हायला लागतात. खोटं वाटत असेल तर तुमच्या ऑफिसमधल्या कुठल्याही कपलचा रिसेप्शनचा फोटो काढा आणि परवाच्या टीम आउटिंगचा फोटो त्याच्या शेजारी ठेवा. शेरवानी केव्हाच धाकट्या भावाकडे गेलेली असते आणि ब्लाउजची शिवण दोनदा उसवून झालेली असते.

यात गूढ काहीच नाही. आधी महिनाभर केळवणं. मग लग्न. मग ‘नव्या जोडप्याला एकदा जेवायला बोलवायला हवं’ असं वाटणारे झाडून सगळे काका, मावश्या, आत्या. प्रत्येकीकडे श्रीखंड किंवा गुलाबजाम, आणि ‘अजून एक घे, तुझ्यासाठी केलंय’. हा सीझन संपतो तोवर दोघांच्या नोकऱ्यांचं रुटीन लागलेलं असतं. आठ वाजता घरी, स्वयंपाकाचा कंटाळा, मोबाइलवर ऑर्डर, सोफ्यावर वेबसीरिज. एक प्लेट त्याची, एक तिची आणि ‘शेअर करू या ना’ म्हणून मागवलेली तिसरी. प्रेमाचे दिवस असतात हो! कोण मोजतंय?

मोजणारे लोक मात्र आहेत. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या १२,०६७ माणसांच्या ३२ वर्षांच्या नोंदी निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या दोघांनी तपासल्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापला. नवरा-बायकोपैकी एक लठ्ठ झाला तर दुसरा लठ्ठ होण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी वाढते, असं त्यांना दिसलं. (मित्रांच्या बाबतीत हाच आकडा ५७ टक्के निघाला. त्यामुळे सगळं खापर बिचाऱ्या जोडीदारावर फोडू नका, कट्ट्यावरच्या गँगकडेही बघा.) उलट्या बाजूनेही हे लागू आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हजारो जोडप्यांची माहिती तपासली, तेव्हा एकाने वजन कमी केलं तर दुसऱ्याचंही उतरण्याची शक्यता वाढलेली आढळली.

म्हणजे फंडा सोपा आहे. वाढवलं दोघांनी, तर उतरवायचंही दोघांनी. जिमवाल्यांना हे आपल्या आधी कळलेलं असतं, म्हणून तर ‘कपल मेंबरशिप’ असते. आम्हीही दीड वर्षापूर्वी एक घेतली होती. वर्षभराचे पैसे आगाऊ, एक टी-शर्ट फ्री. सातव्या महिन्यात ती जिम बंद झाली आणि तिथे मोमोजचं दुकान आलं. टी-शर्ट आहे अजून, फरशी पुसायला छान आहे.

यंदा मात्र मामला वेगळा होता. नवऱ्याच्या कंपनीचं वार्षिक हेल्थ चेकअप झालं आणि तो रिपोर्ट त्याने मला दोन दिवस दाखवलाच नाही. एरवी क्रिकेटचा स्कोअरसुद्धा बाथरूमच्या दाराबाहेरून ओरडून सांगणारा माणूस! तिसऱ्या दिवशी बॅगेत सापडला. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी एचबीएवनसी नावाची टेस्ट असते, तिचा आकडा ६.१. ५.७ ते ६.४ या पट्ट्याला प्रीडायबेटिस म्हणतात. वय वर्षं एकतीस. माझ्या सासऱ्यांना बेचाळिसाव्या वर्षी डायबेटिस निघाला आणि आज ते दिवसातून दोनदा पोटात सुई टोचून घेतात. लहानपणापासून ते पाहत आलेला मुलगा दोन दिवस रिपोर्ट का लपवतो, ते मला विचारावं लागलं नाही.

मीही काही सडपातळ नाही. त्याची उंची १७४ सेंटिमीटर आणि वजन ८५ किलो, माझी १५८ आणि ६७. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा, असं आपल्याकडचे डॉक्टर मानतात. त्याचा २८, माझा जवळपास २७. कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. आमच्या टेपने दोघांनाही नापास केलं. तेव्हा ठरलं, या वेळी जिम नाही, क्रॅश डाएट नाही, घरचंच जेवायचं, पण दोघांचं ताट एकसारखं. दोन पोळ्या, वाटीभर उसळ, भाजी, कोशिंबीर, ताक. रोज सकाळी टेकडी. दर रविवारी वजन.

पहिल्या रविवारी त्याचं दीड किलो उतरलं आणि माझं पावशेर.

तो काट्यावर चक्क नाचला. मी अभिनंदन वगैरे केलं. दुसऱ्या रविवारी त्याचं आणखी आठशे ग्रॅम, माझा काटा जागेवर. तिसऱ्या रविवारी माझं तीनशे ग्रॅम वाढलं. आणि नवरा, अगदी हसत हसत, म्हणाला, ‘अगं, तू ऑफिसमध्ये काही चोरून खात नाहीस ना?’

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी हे वाक्य ऐकलंय? माझ्या ओळखीतल्या चौघींनी तर हेच, याच शब्दांत ऐकलंय. म्हणून हा कॉलम.

तर आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीच्या आतलं आहे. माणूस दिवसभर नुसता पडून राहिला तरी त्याचं शरीर किती कॅलरी जाळतं, याचा अंदाज बांधायला आहारतज्ज्ञ १९९० मध्ये निघालेलं एक सूत्र वापरतात. मिफ्लिन-सेंट जिओर असं त्याचं नाव. वजनाच्या किलोंना १० ने गुणा, उंचीच्या सेंटिमीटरना सव्वासहाने गुणा, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. इथपर्यंत दोघांना सारखंच. शेवटी पुरुष असेल तर ५ मिळवायचे आणि बाई असेल तर १६१ वजा करायचे. म्हणजे उंची, वजन, वय सगळं अगदी जुळं असलं तरी बाईचं शरीर रोज १६६ कॅलरी कमी जाळतं. का? तर पुरुषाच्या शरीरात स्नायू जास्त, आणि पडल्या पडल्यासुद्धा स्नायू चरबीपेक्षा जास्त खर्च करतात.

आमच्या घरातले आकडे घालून बघितले. त्याचे आले साधारण १,७८५ आणि माझे १,३५५. फरक रोजचा ४३० कॅलरींचा. घरची मध्यम पोळी शंभर कॅलरींची धरली तर चार पोळ्या! म्हणजे आम्ही ज्याला ‘एकसारखं ताट’ म्हणत होतो ते त्याच्यासाठी डाएट होतं आणि माझ्यासाठी नेहमीचं जेवण. समान वाटपाच्या नावाखाली माझ्या ताटात माझ्या गरजेपेक्षा जास्त येत होतं आणि वर चोरीचा आळही माझ्यावरच!

हे फक्त आमच्या घरचं रडगाणं नाही. युरोपातले काही देश, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून केलेल्या ‘प्रिव्ह्यू’ नावाच्या एका मोठ्या अभ्यासात प्रीडायबेटिस असलेल्या दोन हजारांहून जास्त स्त्री-पुरुषांना आठ आठवडे रोज साधारण ८०० कॅलरींचा एकच आहार दिला गेला. २०१८ मध्ये त्याचे आकडे आले. पुरुषांचं सरासरी ११.८ किलो उतरलं, बायकांचं १०.२. अर्थात, हे डॉक्टरांच्या देखरेखीखालचं होतं. ८०० कॅलरींचा प्रयोग कृपा करून घरी करू नका.

बाकी कारणंही आहेतच. पहिल्या आठवड्यात जे दणक्यात उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. साठवलेली साखर वापरली जाते आणि तिने धरून ठेवलेलं पाणी निघून जातं. ज्याचं शरीर मोठं त्याची ही टाकीही मोठी. त्याउलट पाळीच्या आधी कित्येक जणींच्या अंगात पाणी धरतं आणि काटा किलो-दीड किलोने वर जातो. माझा तो ‘वाढलेला’ तिसरा रविवार नेमका तेव्हाचा होता. थायरॉइड किंवा पीसीओएस असेल तर गाडी आणखी सावकाश. हे सगळं नवऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं आणि आपणही ‘असू दे’ म्हणून गप्प बसतो.

आणि काट्यावर विश्वास तरी किती ठेवायचा? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो डायबेटिसच्या दुनियेत जगभर गाजलाय. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. त्यात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला बारीक आणि आतून चरबीदार, हा आपल्या भारतीय शरीराचा खास गुण. दोन डॉक्टरांच्या बाबतीत काटा इतका मोघम बोलत असेल, तर नवरा-बायकोच्या भांडणात त्याला जज्ज कशाला करायचं?

हिंजवडीत नोकरी करणारं आमच्या ओळखीचं एक जोडपं आहे. दोघंही आयटीतले, म्हणजे एक्सेल शीट आलीच. दर रविवारचं वजन, लाल-हिरवे रंग, आलेख. ज्याचं कमी उतरेल त्याने आठवडाभर भांडी घासायची, अशी पैज. ऐकायला मस्त वाटलं होतं, आम्हीही हसलो होतो. पण वरचं गणित डोक्यात ठेवून बघा, ती पैज तिने सुरू होण्याआधीच हरलेली होती. नऊ आठवडे सलग भांडी तिने घासली. मग तिने शनिवारी रात्री जेवण सोडलं. मग शुक्रवारीही. एका सोमवारी कंपनीच्या बसमध्ये तिला चक्कर आली आणि शेजारच्या मुलीने नवऱ्याला फोन केला. शीट त्याच दिवशी डिलीट झाली. मात्र आजही ते दोघं कुणाकडे जेवायला आले की ती आधी त्याच्याकडे बघते आणि मग वाढून घेते. ते बघवत नाही.

स्पर्धा करायचीच असेल, तर निदान किलोत करू नका, टक्क्यांत करा. अमेरिकेत डायबेटिस टाळण्यासंबंधी तीन हजारांहून जास्त लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जीवनशैली बदलणाऱ्या गटापुढे ध्येय ठेवलं होतं ते स्वतःच्या वजनाच्या ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं. त्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७ टक्के म्हणजे माझ्या नवऱ्याचे सहा किलो आणि माझे पावणेपाच. पंधरा-वीस किलो नव्हेत! आपल्याकडे डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने केलेला अभ्यास तर मला आणखी आवडतो. २००६ मध्ये तो आला. त्यात खाणं-चालणं सुधारलेल्या लोकांचा डायबेटिसचा धोका जवळपास २८ टक्क्यांनी कमी झाला, आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलेलंच नव्हतं. काटा हलला नाही म्हणून उसळ आणि टेकडी फुकट गेली असं समजणाऱ्यांनी हे कागदावर लिहून फ्रिजवर लावावं. मी लावलंय.

आता या सगळ्यात महाराष्ट्राचा खास प्रॉब्लेम सांगते. आपल्याकडे डाएट म्हणजे घराणं असतं. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत आटपा, मध्ये काही नाही. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. थोडं थोडं, थोड्या थोड्या वेळाने, तूप-भाताला घाबरू नका. कुठल्याही फॅमिली ग्रुपवर हे दोन्ही गट असतात आणि गणपतीत आरती संपल्यावर समोरासमोर येतात. माझ्या एका मावसबहिणीच्या घरात नवरा दीक्षितवाला आणि ती दिवेकरवाली. दोघांनाही आपापल्या पद्धतीने बरं वाटतं, भांडणाचं कारण नाही. पण त्या घरात दिवसभर कुणी ना कुणी जेवत असतं, एकत्र मात्र कधीच नाही. शिवाय तिच्या मखाण्याच्या डब्याकडे बघून तो जे उसासे टाकतो ना, त्यांच्या कॅलरी कुणी मोजल्या पाहिजेत.

कुठलं घराणं खरं, त्यात मी पडत नाही. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. हे सगळं रांधतं कोण? ‘आम्ही दोघं डाएट करतोय’ असं सांगणाऱ्या दहा घरांपैकी निदान सात घरांत मटकी भिजवायची आठवण तिलाच ठेवावी लागते, काकड्या तीच चिरते, त्याचा डबा वेगळा, सासूबाईंची भाजी वेगळी आणि तिचं स्वतःचं जे उरेल ते. (सात हा आकडा माझ्या ओळखीतला, सरकारी नव्हे.) अशा घरात बारीक होतो तो नवरा. आणि मग पार्टीत सगळे त्याला विचारतात, ‘कसं काय जमवलंस रे?’ आणि तो सांगतो, ‘विलपॉवर!’

आमच्याकडे पोळी-भाजीला मावशी येतात. त्यांना ‘तेल कमी घाला’ म्हणणं म्हणजे त्यांच्या हाताच्या चवीचा अपमान. मी एकदा सांगितलं, तर म्हणाल्या, ‘ताई, मग भाजी उकडूनच देते की, मला काय!’ शेवटी नवऱ्याने युक्ती काढली. महिन्याच्या पहिल्या तारखेला अडीचऐवजी दीड लिटर तेल काढून ठेवायचं आणि संपलं की संपलं. कमी घाला म्हणायचंच नाही. मावशींनी पहिल्या महिन्यात तेवीस तारखेला भांडं उपडं करून दाखवलं, दुसऱ्या महिन्यात अठ्ठावीस तारीख गाठली. या एक लिटरची किंमत बघा. लिटरभर तेल म्हणजे सव्वाआठ हजारांच्या आसपास कॅलरी. दोन माणसं आणि तीस दिवस यांत वाटल्या तर रोज प्रत्येकी सुमारे १३५. ना कुणी उपाशी राहिलं, ना कुणी कुणाला टोकलं. चहाचंही तसंच. तीन कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे तीस ग्रॅम, १२० कॅलरी. आम्ही चमचाच बदलला, लहान आणला. तुम्ही हसाल, पण तीन आठवड्यांत जुनाच चहा गोडमिट्ट लागायला लागला.

भाजी आणणं, कडधान्यं भिजवणं आणि रविवारी चिरून डबे भरणं ही खाती आता त्याच्याकडे आहेत. पहिल्यांदा त्याने दोन माणसांसाठी किलोभर चवळी भिजवली होती. चार दिवस आम्ही चवळी खाल्ली, पाचव्या दिवशी शेजाऱ्यांनीही खाल्ली. आता अंदाज आलाय. ताटं मात्र एकसारखी राहिली नाहीत. त्याला तीन पोळ्या, मला दोन, उसळ दोघांना भरपूर. वजन आता पंधरवड्यातून एकदाच आणि आपापलं, दार लावून. सांगावंसं वाटलं तर सांगायचं. कंबर मात्र एकमेकांची मोजतो, टेप दुसऱ्या माणसाने धरला की पोट आत घेता येत नाही.

आणि एक गोष्ट स्टॅम्पपेपरवर लिहिल्यासारखी ठरवली आहे. दुसऱ्याच्या ताटावर बोलायचं नाही. ‘पुरे आता’, ‘परत घेतेस?’, ‘हे चालतं का तुला?’ सगळं बंद. लोकांसमोर तर अजिबात नाही. माझ्या आईने आम्हाला लहानपणी ताटावर बसलेल्या माणसाला बोलू नये असं शिकवलं होतं, पण नवरा-बायकोला ते लागू नसतं अशी बऱ्याच जणांची समजूत दिसते. अडचण अशी की नियम दोघांनी पाळला तरी बाहेरचे पाळत नाहीत. सासूबाई व्हिडिओ कॉलवर मुलाला बघून म्हणतात, ‘अरे, गालफडं बसली की तुझी! घरात जेवायला मिळतंय ना?’ प्रश्न त्याला असतो, पण उत्तर माझ्याकडून हवं असतं. पूर्वी मी स्पष्टीकरण द्यायचे. आता तोच सांगतो, ‘आई, बाबांसारखी सुई नको म्हणून चाललंय.’ त्यावर पलीकडे दोन सेकंद शांतता असते. मग विषय पावसाचा.

सकाळची टेकडी हा या सगळ्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत छान भाग. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पाच दिवस हनुमान टेकडीवर चाळीस मिनिटं काढली की दोनशे होतात. त्याचा वेग जास्त, तो पुढे जातो, वर जाऊन थांबतो, उतरताना एकत्र. या उतरणीत आम्ही जेवढं बोललोय तेवढं लग्नाच्या आधीच्या वर्षातही बोललो नसू. फोन हातात नसतो ना! रिपोर्ट का लपवला, तेही त्याने तिथेच सांगितलं. ‘तू घाबरशील म्हणून’ असं मला वाटलं होतं. तर म्हणाला, ‘तू कामाला लागशील म्हणून. सगळं तुझ्याच अंगावर घेशील आणि मग मी पेशंट होईन.’ मी बराच वेळ काही बोलले नाही. खाली उतरून दोघांनी कोथिंबीर घेतली.

सिंहगडाचं मात्र काही खरं नाही. आतकरवाडीतून घाम गाळत चढायचं आणि वर पोचल्या पोचल्या कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. पुण्यातली निम्मी जनता दर रविवारी हाच हिशेब करते आणि गडावरून जडच होऊन उतरते. आम्ही महिन्यातून एकदा जातो आणि भजी खातो. तेवढ्यासाठी जगायचं नाही तर कशासाठी?

सध्या आणखी एक नवा पाहुणा घरोघरी आलाय, इंजेक्शनं. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये भारतात आलं. ज्यांना डॉक्टरांनी दिलंय त्यांना फायदा होतोय, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पण घरात एकाची भूक औषधाने गेलेली आणि दुसऱ्याची शाबूत, अशी जोडपी आता दिसायला लागली आहेत. एका मैत्रिणीचा नवरा अर्ध्या पोळीत ‘बास’ म्हणतो, आणि तिला स्वतःची दुसरी पोळी अपराध वाटते. सुई त्याची, डाएट मात्र आपोआप तिचं! त्यांच्यासाठी माझ्याकडे उपाय नाही. जेवायला बोलावलंय दोघांना, बघू.

आमचा स्कोअरकार्ड विचाराल तर चार महिने झालेत. त्याचे ५.१ किलो उतरलेत आणि माझे २.७. टक्क्यांत मांडलं तर त्याचे ६ आणि माझे ४. कंबर त्याची सहा सेंटिमीटर, माझीही पाच. माझी जुनी जीन्स अजून वर चढत नाही, पण गुडघ्यावर अडायची ती आता मांडीपर्यंत येते.

येत्या शनिवारी सकाळी दोघांनीही रक्त द्यायचंय. फास्टिंग शुगरही करायची म्हणून उपाशीपोटी. या वेळी रिपोर्ट दोघांच्या मेलवर येणार आहेत, त्याचा माझ्याकडेही आणि माझा त्याच्याकडेही. तो वरकरणी निवांत आहे, पण काल रात्री दोनदा उठून पाणी प्यायला. रक्त दिल्यावर नाश्ता कुठे करायचा यावर मात्र घनघोर चर्चा चालू आहे. तो मिसळीवर अडलाय, मी पोह्यांवर. मिसळीला माझी हरकत नाही, पावाचं अजून ठरत नाहीये.